वास्तू आणि वहिवाट : कोपऱ्यावरच्या इराण्याच्या निमित्ताने

१

जमीनजुमल्याच्या दाव्यांतून मराठीत रुळलेला 'वहिवाट' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. मालकी कागदावर असते, वहिवाट पायांखाली असते. रोज त्याच वाटेने जाणे, त्याच विहिरीचे पाणी भरणे, त्याच ओट्यावर दुकान मांडणे, यातून जो हक्क आणि जी ओळख निर्माण होते तिला आपण वहिवाट म्हणतो. वारसा जतनाच्या आपल्या चर्चेत वास्तूला स्थान आहे, वहिवाटीला नाही. देऊळ, किल्ला, वाडा, राजप्रासाद यांच्या बाबतीत ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण तिथे दगडच पुष्कळ बोलतो. लहान व्यापारी वास्तूच्या, म्हणजे दुकान, खानावळ, छापखाना किंवा चहाच्या हॉटेलाच्या बाबतीत मात्र ही उणीव सगळे गणितच चुकवते. तिथे वास्तू म्हणजे चार भिंती आणि एक फळी, खरा ऐवज वहिवाटीचा असतो.

हा विषय मी शिरगावात बसून लिहितो आहे, हे सांगणे आवश्यक आहे. शिरगाव, कुळगाव, कात्रप, बेलवली, मांजर्ली अशी गावे मिळून आज ज्याला बदलापूर म्हणतात ते शहर झाले. कल्याणहून खोपोलीकडे जाणारी आगगाडी १८५६ साली या भागातून धावू लागली आणि गाव व स्टेशन यांच्यामधल्या रस्त्याला दुकाने लागत गेली. २०११च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात पोहोचली होती. एक स्टेशन अलीकडे, अंबरनाथला शके ९८२चे, म्हणजे इ. स. १०६०चे शिवमंदिर आहे आणि ते केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. ते तसे असायलाच हवे. पण अंबरनाथचे मंदिर आणि आजचा मॉल यांच्यामधली नऊशे-साडेनऊशे वर्षे या परिसरात कोणी काही विकलेच नाही, कोणी कुठे बसून चहा प्यायलाच नाही, असे वाटावे इतकी आपली वारशाची कल्पना पोकळ आहे. ही पोकळी कशी तयार झाली हे समजून घेण्यासाठी मुंबईतल्या एका सर्वपरिचित उदाहरणाकडे जाणे सोयीचे आहे. ते उदाहरण म्हणजे कोपऱ्यावरचे इराण्याचे हॉटेल.

२

इराण्याच्या हॉटेलाविषयी एक कथा इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती आता पुराव्यासारखी वापरली जाते. हिंदू दुकानदार रस्त्याच्या कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, म्हणून त्या जागा स्वस्त मिळत, आणि इराणातून आलेल्या झरतुष्ट्रींनी त्या घेतल्या, अशी ही कथा. तिच्यात तथ्य अजिबात नसेल असे मी म्हणत नाही. पण आपल्या कोणत्याही जुन्या पेठेत फिरून पाहावे, कोपऱ्यावर पानवाला असतो, वाणी असतो, हलवाई असतो. अशुभाची भीती सगळीकडे सारखी लागू पडलेली दिसत नाही. शिवाय ही कथा एका साध्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. एवढे कोपरे एकाच काळात मोकळे झाले कुठून?

त्याचे उत्तर शहराच्या नकाशात शोधावे लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून हवा खेळावी म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. जुन्या गल्ल्यांना नवे रस्ते छेदून गेले की नवे चौक होतात, आणि प्रत्येक चौकाला चार कोपरे असतात. त्या कोपऱ्यांवर तीन-चार मजली चाळवजा इमारती उठल्या, खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे. याच काळात, १९०७ साली, घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम आली. ट्रामला थांबे असतात, थांब्यावर वाट पाहणारी माणसे असतात, आणि वाट पाहणाऱ्या माणसाला चहा लागतो. धोबीतलावचे कयानी १९०४चे, ग्रँट रोड स्टेशनसमोरचे बी. मेरवान १९१४चे. पोर्ट ट्रस्टने समुद्र हटवून बॅलार्ड इस्टेट वसवल्यावर तिथे १९२३ साली ब्रिटानिया सुरू झाले. या सनांकडे पाहिले की मला तरी शुभाशुभापेक्षा रस्ते, ट्राम आणि गिरण्या-कचेऱ्यांच्या वेळा यांचा हात अधिक दिसतो.

कोपऱ्याचे व्यवहारी फायदेही उघड आहेत. दोन बाजूंनी उजेड येतो, वारा वाहतो, दोन दारे ठेवता येतात, आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला दोन्ही रस्ते दिसतात. उंच छत, भिंतीवर आरसे, संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांत नानकटाई आणि खारी. आरसे शोभेचे होते तसे पहाऱ्याचेही होते, पाठमोऱ्या गिऱ्हाइकावर त्यांतून नजर ठेवता येई. संगमरवर धुवायला सोपा. खुर्चीला गादी नाही, कारण चहाचा एक कप घेऊन माणसाने किती वेळ बसावे याचा विचार खुर्चीनेही करायचा असतो. आज ज्याला आपण 'वातावरण' म्हणतो ते सारे अशा लहान लहान हिशेबांतून घडलेले आहे. म्हणूनच यातली एखादी वस्तू उचलून दुसरीकडे मांडली की ती निव्वळ सजावट होते. नव्या मॉलमध्ये 'इराणी थीम'ची उपाहारगृहे निघाली आहेत, त्यांत खुर्च्या तंतोतंत आहेत. फक्त तिथे दोन रस्त्यांचा उजेड नाही आणि वाट पाहणारे कोणी नाही.

३

या हॉटेलांचे सामाजिक मोल कशात होते? त्या काळातल्या अनेक खानावळी जातीच्या नावाने चालत, पंगत कोणाची हे दारावरच ठरे. इराणी या उतरंडीबाहेरचा होता. त्याच्या टेबलावर कोण बसला होता आणि त्यानंतर कोण बसणार, हे विचारण्याची सोय नव्हती. याला क्रांती म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण इराण्याने हे धंदा म्हणून केले. पण धंद्याने जे केले त्याचे वजन कमी होत नाही. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याची भूमिका घेतली. त्या ठरावाची अंमलबजावणी किती अवघड होती हे १९२७ साली महाडने दाखवले. त्याच दशकात मुंबईच्या कोपऱ्यावर पैसे टाकून कोणालाही चहा मिळत होता. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही अशा जागांची नावे घेतली, तेव्हा त्यांत विहिरी, तलाव आणि रस्ते यांच्या जोडीला दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले आली. ज्या दस्तऐवजाने दुकान आणि हॉटेल यांना समतेच्या जागा म्हणून नावानिशी ओळखले, त्या दस्तऐवजाच्या देशात वारशाच्या यादीत दुकानाला जागा मिळण्यासाठी त्याच्या कमानीची तारीफ करावी लागते, हा विरोधाभास मला अस्वस्थ करतो.

साहित्याने हे आधी ओळखले होते. निस्सीम इझिकेल यांची इराणी हॉटेलातल्या सूचनाफलकावरची इंग्रजी कविता धोबीतलावच्या बस्तानीशी जोडली जाते. ते हॉटेल बंद झाले, पण त्या फलकाचा दरारा आणि विनोद कवितेत उरला. अरुण कोलटकर काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये नेमाने बसत. २००४ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षी, 'काळा घोडा पोएम्स' हा संग्रह आला. त्यातला परिसर खिडकीजवळच्या टेबलावरून पाहिलेला आहे, हे वाचकाला सहज कळते. त्याच वेसाइड इनमध्ये डॉ. आंबेडकर बसत असत असेही सांगितले जाते. आज काळा घोडा परिसराचे दगडी सौंदर्य जपलेले आहे. एडवर्ड सातव्याचा जो पुतळा १९६५ साली तिथून हलवला, त्याची आठवण म्हणून २०१७ साली स्वाराविना घोडाही उभा राहिला. हलवलेल्या राजाच्या घोड्याला परिसराने पुन्हा जागा दिली. कवीच्या टेबलाला नाही. वेसाइड इन बंद झाले, आणि परिसराच्या सौंदर्यात त्यामुळे कोणालाही काही कमी दिसले नाही, कारण मोजमाप दर्शनी भागाचे होते.

४

इथे कायद्याकडे वळावे लागते. मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ साली आली. शहर पातळीवरचे असे नियम देशात पहिल्यांदा होत होते, आणि त्यांनी दक्षिण मुंबईच्या कितीतरी इमारती वाचवल्या, याबद्दल दुमत नसावे. पण या नियमावलीची भाषा श्रेणींची आहे, आणि श्रेणी ठरते ती इमारतीची. इमारतीत काय चालते याला तिच्यात फारसे बळ नाही. परिणामी बॅलार्ड इस्टेटची दर्शनी शिस्त टिकेल याची हमी मिळते. तिथल्या ब्रिटानियात बेरी पुलाव शिजत राहील की नाही, हे मात्र एका कुटुंबाच्या उमेदीवर सोपवलेले राहते.

इमारतीपुरते पाहिले तरी यादी पुरेशी ठरतेच असे नाही. वॉटसन्स हॉटेल, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभे आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलत्-चित्रे भारतात पहिल्यांदा तिथे दाखवली गेली. जगातल्या धोक्यातल्या शंभर स्थळांच्या २००६च्या यादीत ते होते, आणि त्याच्या आदल्याच वर्षी त्याचा काही भाग कोसळला होता. कीर्ती, श्रेणी आणि जागतिक यादी असूनही ज्याची ही अवस्था, त्याच्यापुढे चाळीच्या तळमजल्यावरच्या हॉटेलाचा निभाव कसा लागणार?

कारण खरा निकाल वारसा नियमावलीत लागत नाही, तो भाडे कायद्यात लागतो. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीला बांधली. महायुद्ध आणि फाळणी यांच्या दिवसांत ते न्याय्यच होते. पण ती गाठ अर्धशतक सुटली नाही. या गोठलेल्या भाड्यामुळेच कोपऱ्यावरच्या जागेत स्वस्तात चहा आणि ब्रून मस्का विकणे परवडले. ज्याला आपण इराण्याचा दिलदारपणा म्हणतो त्यात घरमालकाचा न मागता घेतलेला वाटा मोठा होता. आणि मालकाने त्याचा सूड दुरुस्ती न करून घेतला. छतातून पाणी, गंजलेल्या तुळया, टेकू. १९६९च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले, उपकर आला. उपकरप्राप्त इमारतींची संख्या एकोणीस हजारांवर होती, मंडळाचे हात दोनच. १९९७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठलेले प्रमाण भाडे अवाजवी ठरवले. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. चाळीस सालच्या भाड्यावर चार टक्के म्हणजे किती, हे वाचकांना सांगायला नको.

म्हणजे ज्या कायद्याने वहिवाट टिकवली त्याच कायद्याने वास्तू सडवली. आणि वास्तू सडली की पुनर्विकास हा एकच मार्ग उरतो. पुनर्विकासात दुकानदाराला त्याच्या जागेइतकी जागा मिळते. कायद्याच्या दृष्टीने हिशेब चोख आहे. पण चटईक्षेत्राचा हिशेब कोपरा मोजत नाही, छताची उंची मोजत नाही, दोन दारे मोजत नाही. नव्या इमारतीच्या पोटात, ओळीतल्या सातव्या गाळ्यात, देखभालखर्चाच्या पावतीसह चहा विकणे जमत नाही. भागीदार चार घरांत पांगलेले असतात, पुढच्या पिढीला पहाटे चारला भट्टी लावायची नसते. गाळा विकला जातो. यात खलनायक कोणी नाही, आणि म्हणूनच हे थांबवणे कठीण आहे.

५

आता आपल्याकडे, म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांकडे. जुन्या हॉटेलांवर आणि दुकानांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, दिवाळी अंकांतूनही. त्यातला बराच मजकूर स्मरणरंजनाचा आहे. बशीतून चहा पिणे, ज्यूकबॉक्समध्ये नाणे टाकणे, मित्रांचा अड्डा, आणि शेवटी 'गेले ते दिवस'. या लेखनाचा गोडवा मी नाकारत नाही. पण त्याची एक सवय घातक आहे. ते दुकानाला मरणानंतरच ओळखते. २०१४च्या सुरुवातीला बी. मेरवान बंद होणार अशी बातमी आली तेव्हा मावा केकसाठी रांगा लागल्या. नंतर ते पुन्हा उघडले. रांगा बातमीला होत्या, दुकानाला नव्हत्या.

दुसरी उणीव अशी की या आठवणींत गिऱ्हाईक असते, मालक असतो, कधी मालकाची छबीही असते. भट्टीपुढे उभा राहणारा आणि टेबल पुसणारा मात्र क्वचित दिसतो. वहिवाट जपायची म्हटल्यावर हा मुद्दा टाळता येत नाही. २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला, तेव्हा पावाची चव जाईल म्हणून हळहळ झाली. चव बदलेलही. पण तो धूर पिढ्यान् पिढ्या कोणाच्या छातीत गेला याचा हिशेब चवीच्या चर्चेत नव्हता. वहिवाट जपणे म्हणजे प्रत्येक सवय जपणे नव्हे. सगळ्यांना परवडणारी, कोणालाही न अडवणारी, चौकात उघडणारी जागा हा वहिवाटीचा गाभा. इंधन, यंत्र, टेबलाचा दगड बदलू शकतो.

तिसरी गोष्ट पैशाची. २०१२ साली मुंबईच्या वारसा यादीचा विस्तारित मसुदा निघाला आणि त्यात शिवाजी पार्क परिसर आला, तेव्हा तिथल्या रहिवाशांनीच कडाडून विरोध केला. त्यांना अडाणी ठरवणे सोपे होते. पण त्यांचे म्हणणे साधे होते, शहराच्या आठवणीचा खर्च आमच्या एकट्याच्या घरावर का? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिल्याशिवाय कोणतीही यादी वाढवणे म्हणजे इमारतीला श्रेणी आणि मालकाला शिक्षा देणे होय.

६

उत्तरे नाहीत असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या जतनतज्ज्ञांच्या बुर्रा सनदेने १९७९ पासून आपली भूमिका घडवत आणली आहे, आणि तिच्यात स्थळाच्या महत्त्वात त्याचा वापरही धरला जातो. सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ साली मतदारांचा कौल घेऊन तीस वर्षे वा अधिक चाललेल्या स्थानिक धंद्यांसाठी निधी उभारला. त्यातला भाग दुकानदाराला मिळतो, आणि दीर्घ मुदतीचा भाडेकरार करणाऱ्या जागामालकालाही मिळतो. म्हणजे वास्तू आणि वहिवाट यांच्यातले भांडण मिटवण्यासाठी शहर स्वतःचा खिसा हलवते. इंग्लंडच्या २०११च्या कायद्याने गावातले दारूचे गुत्ते आणि दुकाने 'समाजमूल्याच्या जागा' म्हणून नोंदवता येतात. मालक विकायला निघाला तर लोकांना बोली लावण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत अवधी मिळू शकतो. यांतले काहीही जसेच्या तसे आणता येणार नाही. आपल्याकडची पागडी, संयुक्त मालकी आणि जमिनीचे भाव यांना तोंड देणारी रचना आपल्यालाच करावी लागेल.

माझ्या मते तीन गोष्टी तातडीच्या आणि शक्य कोटीतल्या आहेत. पुनर्विकासात क्षेत्रफळाबरोबर स्थान आणि उंचीही परत देण्याची अट हवी. कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानाला नव्या इमारतीतही कोपराच मिळावा, आणि त्याचा भार म्हणून विकासकाला थोडे जादा चटईक्षेत्र द्यावे. दुसरे, पन्नास वर्षे एकच व्यवसाय चाललेल्या लहान गाळ्याला मालमत्ता करात सवलत हवी, आणि ती भाडेकरू व मालक दोघांत वाटलेली असावी. तिसरे, आणि हे सर्वांत स्वस्त, वहिवाटीची नोंद. दुकान कधी उघडते, गल्ला कुठे आहे, उधारीची वही कशी ठेवतात, कोण कुठून येते, दाराच्या फळ्या कोणत्या क्रमाने लागतात. अशी नोंद सरकारने करावी याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाविद्यालयांचे मराठी आणि इतिहास विभाग, वाचनालये, स्थानिक मंडळे हे काम एका वर्षात करू शकतात.

आणि इथे शिरगाव-बदलापूरचा प्रश्न मुंबईपेक्षा निकडीचा होतो. मुंबईच्या इराण्याला निदान कविता लाभली, छायाचित्रे लाभली, बातमी लाभली. उपनगरी रेल्वेच्या शेवटाकडच्या गावांतल्या दुकानांना यातले काही मिळालेले नाही. ओट्यावर फळ्यांचे दार, आत कडप्प्याची फरशी, वर माळा आणि मागे बिऱ्हाड अशा घडणीची दुकाने दिसायला अगदी सामान्य आहेत. त्यांना कोणतीही श्रेणी मिळणार नाही, आणि श्रेणीसाठी भांडावे असे मीही म्हणणार नाही. पण खेड्याचे शहर होताना माणसे एकमेकांना कुठे भेटली, नव्याने आलेल्याला पहिली उधारी कोणी दिली, शेतावरून येणारा आणि लोकलने जाणारा एकाच बाकावर कुठे बसले, याचा पुरावा दुसरीकडे कुठेही नाही. पुण्यात एका हॉटेलाने चौकाला नाव दिले. गुडलक चौक म्हटले की पत्ता पुरा होतो. आपल्या गावांतही कितीतरी पत्ते अजून दुकानांच्या नावाने सांगितले जातात. दुकान गेले तरी काही वर्षे नाव टिकते, मग नवे रहिवासी येतात आणि पत्ता इमारतीच्या नावावर जातो. वहिवाट मोडल्याची खूण हीच. ती मोडण्याआधी तिची नोंद घेण्यासाठी आपल्याकडे फार तर एका पिढीचा अवधी आहे, आणि त्या पिढीतली माणसे आज गल्ल्यावर बसलेली आहेत.